ल्युनेट सल्कस ओळखायचा कसा: मकाक, चिंपँझी आणि माणूस

ऑक्सिपिटल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या मागच्या भागाच्या, बाहेरच्या पृष्ठभागावर एखादी वाकडी खाच (सल्कस) दिसली की विद्यार्थी लगेच तिच्यात ‘ल्युनेट’ची, म्हणजे चंद्रकोरीसारख्या सल्कसची, टाचणी टोचून मोकळे होतात. मकाक माकडाच्या मेंदूवर ही टाचणी बहुधा बरोबर जागी बसते. माणसाच्या मेंदूवर ती बहुधा चुकते. त्याहून मोठी चूक पुढच्या वाक्यात होते: ‘म्हणजे या खाचेच्या मागे प्राथमिक दृष्टी-कॉर्टेक्स.’ माकडात हे जवळपास खरं आहे, माणसात नाही.

हा लेख डिसेक्शन हॉलमध्ये मेंदू हाताळणाऱ्या, एमआरआयवर सल्कस आखणाऱ्या आणि कवटीच्या आतल्या साच्यांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. आकाराकडे सगळ्यात शेवटी पाहायचं. आधी शेजारी पाहायचे, मग खोली, आणि कापायची परवानगी असेल तर कापलेल्या तोंडावरची पांढरी रेघ.

कामापुरती ओळख एवढीच. जुन्या जगातली माकडं आणि वानरकुळातले चिंपँझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात हा सल्कस मोठा, खोल आणि नेमाने सापडणारा आहे. त्याची बाक पुढच्या बाजूला फुगलेली असते आणि पोकळ बाजू ऑक्सिपिटल पोलकडे, म्हणजे मागच्या टोकाकडे असते. मागचा काठ छपराच्या वळचणीसारखा पुढे येऊन खाचेचं तोंड झाकतो. या काठाला ऑपरक्युलम म्हणतात. मकाकमध्ये ऑपरक्युलमवर व्ही-१ (प्राथमिक दृष्टी-कॉर्टेक्स, ब्रॉडमनचा एरिया १७) पसरलेला असतो, खाचेच्या मागच्या भिंतीत व्ही-२, आणि खाचेच्या पुढे प्रील्युनेट जायरसवर (जायरस म्हणजे खाचांमधला उंचवटा) व्ही-४; हे दोन्हीही दृष्टीचेच भाग.

तयारी

मकाकचा मेंदू कॉलेजच्या म्युझियममध्ये बरणीत असेल तर उत्तम. नसेल तर एनआयएमएच मकाक टेम्प्लेट, म्हणजे एनएमटी, आणि त्याच्यासोबतचा डी-९९ अ‍ॅटलास डाउनलोड करा. चिंपँझीसाठी नॅशनल चिंपँझी ब्रेन रिसोर्समधली स्कॅन्स वापरता येतात. पाहायला आयटीके-स्नॅप किंवा थ्रीडी स्लाइसर पुरतं.

इशारा: मेलेलं माकड सापडलं म्हणून त्याचा मेंदू काढायच्या फंदात पडू नका. आपल्याकडची लाल तोंडाची माकडं मकाकच आहेत. मकाकच्या ताज्या ऊतींतून माणसाला हर्पीस-बी विषाणूची लागण होऊ शकते आणि ती जिवावर बेतते. रेबीजची आणि कायद्याची भीती आहेच.

माणसाचा मेंदू दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये निदान दोन-तीन आठवडे मुरलेला हवा. तो कसा मुरवला हे आधी विचारा. बेसिलर धमनीखालून दोरा ओवून उलटा टांगलेला मेंदू आकार टिकवतो. बरणीच्या तळाशी टेकवून ठेवलेल्या मेंदूचा मागचा भाग चपटा होतो आणि तिथल्या खाचा मिटतात. मग नसलेला ल्युनेट दिसतो आणि असलेला दिसेनासा होतो. अशा चपट्या स्पेसिमेनवर हे काम करूच नका, दुसरा मागा.

हाताशी एवढं ठेवा: बोथट चिमटा, बोथट प्रोब, दोन-तीन रंगांच्या डोक्यांच्या टाचण्या, न ताणणारा दोरा, पट्टी आणि कॅमेरा. मेंदू हाताळण्याआधी वाहत्या पाण्यात चांगला धुऊन घ्या, हातमोजे घाला, खिडक्या उघडा. फॉर्मॅल्डिहाइड कर्करोगकारक आहे, ‘थोडा वेळच तर बसायचंय’ हे कारण चालत नाही.

मग आवरणं काढायची. अ‍ॅरॅक्नॉइड आणि पाया मॅटर रक्तवाहिन्यांसकट सोलून काढावे लागतात. चिमटा खाचेच्या दिशेने ओढा, आडवा नको. आडवा ओढलात तर धमनीबरोबर कॉर्टेक्सचा पापुद्रा निघतो आणि तो ओरखडा पुढे खाच म्हणून मिरवतो. ऑक्सिपिटल पोलजवळ विशेष सांभाळा. शिरा काढायचा कंटाळा केलात तर पृष्ठभागावरून जाणारी जाड शीरही लांबून सल्कससारखी भासते.

तपासा: आवरणं निघाल्यावर मागच्या भागातल्या प्रत्येक खाचेत प्रोबचं टोक हलकेच शिरतंय का? जिथे शिरत नाही ती खाच नाही, शिरेचा वण आहे.

पायरी १: बाजू नक्की करा

हे हास्यास्पद वाटेल, पण निम्मे गोंधळ इथेच होतात. सुटा गोलार्ध हातात घेतला की कॉर्पस कॅलोसमची (दोन गोलार्धांना जोडणाऱ्या पट्ट्याची) जाड, गोलसर बाजू म्हणजे स्प्लेनियम कुठे आहे ते पाहा. ती मागे. टेम्पोरल लोब खाली. आता हा गोलार्ध डावा की उजवा ते लिहा आणि चिठ्ठी फोटोत येईल अशी ठेवा. फोटो नंतर आरशातल्यासारखा उलटवला गेला तर तो पकडायचा हा एकच उपाय आहे.

एमआरआय असेल तर पडद्यावर डावीकडे कोणती बाजू दिसते ते सेटिंगमध्ये बघा. रेडिओलॉजीच्या पद्धतीत रुग्णाची डावी बाजू तुमच्या उजवीकडे दिसते.

पायरी २: आतली बाजू आधी, बाहेरची नंतर

बहुतेक जण थेट बाहेरच्या पृष्ठभागावर शोधायला लागतात. क्रम उलटा हवा, कारण आतल्या बाजूच्या खुणा पक्क्या असतात आणि बाहेरच्या घसरतात.

माणसात आतल्या बाजूला कॅल्करिन सल्कस शोधा. तो ऑक्सिपिटल पोलजवळून निघून पुढे स्प्लेनियमच्या खालच्या अंगाला जातो. वरून तिरका उतरणारा पॅरायटो-ऑक्सिपिटल सल्कस त्याला मिळतो आणि आडवा पडलेला वाय तयार होतो. दोघांमधला पाचरीसारखा भाग म्हणजे क्युनियस, कॅल्करिनखालचा लिंग्वल जायरस. या वायच्या संगमाच्या मागे कॅल्करिनच्या दोन्ही काठांवर व्ही-१ असतो, संगमाच्या पुढे फक्त खालच्या काठावर. ‘कॅल्करिनच्या दोन्ही काठांवर, पुढपर्यंत’ असं सरसकट उत्तर व्हायवात अर्धवटच धरलं जातं.

दोन्ही सल्कसमध्ये वेगळ्या रंगांच्या टाचण्या टोचा. पॅरायटो-ऑक्सिपिटल वरच्या कडेवरून बाहेरच्या पृष्ठभागावर थोडासा उतरतो, त्या टोकालाही एक टाचणी हवी. पुढे ती फार उपयोगी पडते.

मकाकमध्ये असाच नीटस वाय दिसेल अशी अपेक्षा धरू नका. तिथे या दोन खाचा सहसा पृष्ठभागावर एकमेकींना मिळत नाहीत.

पायरी ३: मकाकवर दोन वाटांनी पोहोचा

माणसावर जाण्याआधी मकाकवर हात बसवा. खरा ल्युनेट कसा दिसतो हे डोळ्यांना माहीत नसेल तर नकली ओळखता येत नाही.

पहिली वाट खालून. सिल्व्हियन फिशर धरा. त्याच्या मागे-खाली सुपीरियर टेम्पोरल सल्कस वर चढत जातो. तो ओलांडून मागे आलात की एक पट्टा लागतो, तो प्रील्युनेट जायरस. त्याच्या मागची लांब खाच म्हणजे ल्युनेट.

दुसरी वाट वरून. सेंट्रल सल्कस धरा, मागे येऊन इंट्रापॅरायटल सल्कस पकडा आणि त्याच्या मागे-मागे चला. तो जिथे ल्युनेटच्या वरच्या टोकापाशी येऊन भिडतो तिथून खाली वळा.

दोन्ही वाटा एकाच खाचेवर आल्या पाहिजेत. आल्या नाहीत तर एक वाट चुकली आहे. बहुतेकदा सुपीरियर टेम्पोरल सल्कसच्या चढत्या भागालाच ल्युनेट समजलेलं असतं, कारण दोघं साधारण समांतर धावतात. वरच्या वाटेने येताना संगमाच्या जागी घोटाळा होतो: इंट्रापॅरायटल कुठे संपला आणि ल्युनेट कुठे सुरू झाला हे ठरवायला तोंड हलकेच उघडून तळ बघावा लागतो.

खालच्या टोकाशी इन्फीरियर ऑक्सिपिटल सल्कस आहे. तो ल्युनेटचाच फाटा म्हणून आखू नका. पोलजवळ ऑपरक्युलमवरच एक्स्टर्नल कॅल्करिन नावाची छोटी खाच असते. तिच्या मागे-पुढे दोन्हीकडे व्ही-१ च आहे, तेव्हा तिला सीमा मानायचं काही कारण नाही.

तपासा: तुम्ही खूण केलेल्या खाचेच्या मागे गुळगुळीत, जवळजवळ खाचाविरहित ऑपरक्युलम आहे का? मकाकचा ऑपरक्युलम नजरेत भरण्याइतका सपाट असतो.

सगळ्या प्रायमेट्समध्ये ल्युनेट असतो असंही समजू नका. मार्मोसेटचा मेंदू जवळपास गुळगुळीत आहे. त्याला कॅल्करिन आहे, ल्युनेट नाही.

पायरी ४: तोंड नव्हे, खोली

ऑपरक्युलममुळे ल्युनेटचं तोंड पृष्ठभागावर नुसती बारीक रेघ दिसते आणि आत मात्र मोठी घडी असते. प्रोब घालून मागचा काठ अगदी हलके उचला. चिंपँझीच्या मेंदूत आत दडलेले छोटे जायराय दिसतील, ते पृष्ठभागावरून कधीच दिसत नाहीत.

एमआरआयवर हेच काम सॅजिटल (पुढून मागे जाणारे उभे काप) आणि अ‍ॅक्सियल स्लाइस एकत्र उघडून करायचं. मध्यरेषेपासून बाहेरच्या दिशेने एकेक सॅजिटल स्लाइस सरकवा आणि खाचेचा तळ सलग राहतो का ते पाहा. मध्येच तळ उथळ होऊन पुन्हा खोल गेला, तर तिथे दोन वेगळ्या खाचा पृष्ठभागावर एकमेकींना चिकटल्या आहेत. मकाकमध्ये असं क्वचित होतं. माणसात हाच प्रकार नेहमीचा.

पायरी ५: चिंपँझी

इथे फार थांबायला नको. मकाकवर जमलं की चिंपँझीवर जमतं, फक्त आजूबाजूच्या खाचा जास्त आणि गुंतागुंतीच्या असतात. बाक इथे अधिक ठसठशीत दिसते, म्हणून पुस्तकांतली चित्रं बहुधा वानरांची असतात.

इथे एक मोजमाप शिकून घ्या, कारण ते साच्यांवर लागतं. ऑक्सिपिटल पोलपासून ल्युनेटपर्यंतचं अंतर पृष्ठभागावरून दोऱ्याने मोजा. मग ऑक्सिपिटल पोलपासून फ्रंटल पोलपर्यंतचा पूर्ण कमानीचा दोरा घ्या. पहिल्याला दुसऱ्याने भागा. नुसते मिलिमीटर लिहिलेत तर लहान आणि मोठ्या मेंदूंची तुलना होत नाही. पट्टीने सरळ रेषेत मोजणं ही इथली ठरलेली चूक.

पायरी ६: माणसात वगळत वगळत जा

माणसात शोध उलटा चालतो. ल्युनेट शोधायचा नाही, बाकीच्या सगळ्या खाचांना नावं देत जायचं आणि शेवटी काही उरलं तरच त्याकडे बघायचं.

पायरी २ मध्ये पॅरायटो-ऑक्सिपिटलच्या बाहेरच्या टोकाला टोचलेली टाचणी घ्या. तिथून खाली, टेम्पोरल लोबच्या खालच्या कडेवरच्या प्रीऑक्सिपिटल नॉचपर्यंत मनातल्या मनात रेघ ओढा. ऑक्सिपिटल लोब या रेघेच्या मागे.

आता इंट्रापॅरायटल सल्कस मागे आणत चला. पॅरायटो-ऑक्सिपिटलच्या टोकामागे तो अनेकदा एका आडव्या खाचेला मिळून टी करतो. ही ट्रान्सव्हर्स ऑक्सिपिटल सल्कस. माणसातला सगळ्यात मोठा बहुरूपी हाच. ठळक असतो, आडवा असतो, कधी वाकलेलाही असतो, आणि माकडात ल्युनेटला इंट्रापॅरायटल भिडताना पाहिलेलं असल्यामुळे डोळे फसतात. तो ल्युनेट नाही. त्याला टाचणी टोचून बाजूला करा.

पुढे लोबच्या मध्यातून मागे-पुढे धावणाऱ्या लॅटरल किंवा मिडल ऑक्सिपिटल खाचा, आणि खालच्या अंगाची इन्फीरियर ऑक्सिपिटल. यांची नावं प्रत्येक पुस्तकात थोडी वेगळी आहेत. तुम्ही एकच अ‍ॅटलास धरा आणि वहीच्या पहिल्या पानावर त्याचं नाव लिहा. दोन पुस्तकांची नावं मिसळली की नंतर स्वतःच्याच नोंदी लागत नाहीत.

आता ऑक्सिपिटल पोलच्या लगेच पुढे पाहा. उभी, पोलकडे पोकळ बाजू असलेली, बऱ्यापैकी खोल खाच उरली आहे का? उरली असेल तर पायरी ४ ची खोलीची परीक्षा घ्या. तळ सलग निघाला तर मानवी ल्युनेट म्हणायला हरकत नाही. दोन-तीन तुकडे वरवर जुळून चंद्रकोर झाली असेल तर ती तुकड्यांची म्हणूनच नोंदवा. एमआरआयवर मोठ्या संख्येने मेंदू तपासले गेले तेव्हा सलग ल्युनेट अगदी मोजक्या गोलार्धांत निघाला, तुकड्यांचा त्याहून पुष्कळ जास्त, आणि बहुसंख्य गोलार्धांत दोन्ही नाहीत. ‘सापडला नाही’ हे उत्तर अपयशाचं नाही. स्पॉटिंगला, म्हणजे नमुना ओळखण्याच्या परीक्षेला, असा गोलार्ध ठेवणारे परीक्षकही असतात.

इशारा: सापडला तरी त्याला व्ही-१ ची सीमा म्हणू नका. माणसाचा व्ही-१ मुख्यतः कॅल्करिनच्या आत आणि आजूबाजूला आहे. बाहेरच्या पृष्ठभागावर तो पोलपाशी जेमतेम सेंटिमीटरभर येतो, कधी तेवढाही नाही. खाच आणि सीमा यांची माकडातली जोडी इथे सुटलेली आहे.

पायरी ७: कापून खात्री

सीमा सांगायची असेल तर खाच पुरत नाही, कॉर्टेक्स बघावा लागतो. व्ही-१ च्या चौथ्या थरात मायलिनयुक्त तंतूंचा पट्टा असतो, त्याला जेनारीची रेघ म्हणतात. ती नुसत्या डोळ्यांनी दिसते आणि व्ही-१ संपतो तिथे एकदम थांबते. हळूहळू विरत जात नाही, म्हणूनच ती भरवशाची.

आधी परवानगी. मग सगळ्या बाजूंनी, पट्टी ठेवून फोटो. कापल्यावर पृष्ठभाग परत मिळत नाही. लांब पात्याची धारदार सुरी ओली करा आणि खाचेला काटकोनात, एका दमात ओढा. करवतीसारखी मागेपुढे केलीत तर कापलेलं तोंड खरबरीत होतं आणि रेघ पुसट होते. तिरकं कापलंत तर कॉर्टेक्स आहे त्यापेक्षा जाड दिसतो आणि रेघ पसरट होते.

कापलेलं तोंड पाण्याने धुवा, बाजूने येणाऱ्या उजेडात धरा. आधी कॅल्करिनच्या भिंतीत रेघ शोधा, तिथे ती असणारच. डोळ्यांना सवय झाली की तिच्यावरून बाहेरच्या पृष्ठभागाकडे सरकत जा आणि ती जिथे थांबते तिथे टाचणी टोचा.

तपासा: मकाकमध्ये ही टाचणी ल्युनेटच्या काठाच्या थोडी मागे पडायला हवी. नेमकी खाचेच्या तळाशी पडली तर कुठेतरी नाव चुकलंय, कारण मागच्या भिंतीत व्ही-२ असतो. कॅल्करिनमध्येच रेघ दिसत नसेल तर दोष कापण्यात किंवा मुरवण्यात आहे. पुढचा निष्कर्ष काढू नका.

नेहमीच्या एक मिलिमीटरच्या एमआरआयवर ही रेघ शोधत बसू नका, त्यावर ती भरवशाने दिसत नाही.

पायरी ८: सॉफ्टवेअरच्या लेबलवर विसंबू नका

फ्रीसर्फर या एमआरआय-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधून डेस्ट्रियू अ‍ॅटलासची लेबलं काढली की त्यात मिडल ऑक्सिपिटल आणि ल्युनेट यांचं एकत्र असं एक लेबल येतं. ते प्रत्येक गोलार्धाला चिकटवलं जातं, खाच असो वा नसो. त्या लेबलचं क्षेत्रफळ घेऊन ‘ल्युनेटची लांबी-रुंदी’ म्हणून तक्ते केलेले प्रोजेक्ट पाहण्यात आले आहेत. ते आकडे ल्युनेटचे नाहीत. लेबल फक्त कुठे बघायचं ते सांगतं. पायरी ६ हाताने करावीच लागते.

पायरी ९: कवटीच्या आतला साचा

जीवाश्मांत मेंदू उरत नाही, कवटीच्या आतल्या पोकळीचा साचा म्हणजे एंडोकास्ट उरतो. मेंदू आणि हाड यांच्यामध्ये आवरणं, द्रव आणि रक्तवाहिन्या असतात, म्हणून खाचांचे ठसे पुसट पडतात. मागच्या भागात तर फारच.

इथला सापळा लॅम्डॉइड सूचरचा आहे. कवटीची ही सांधरेघ साच्यावर नेमकी तिथेच उमटते जिथे तुम्ही ल्युनेट शोधत असता. दक्षिण आफ्रिकेतल्या टाँगच्या बाल-जीवाश्माच्या साच्यावर रेमंड डार्टने १९२५ मध्ये माणसासारखा मागे सरकलेला ल्युनेट दाखवला. ती रेघ लॅम्डॉइड सूचरचीच आहे असा आक्षेप पुढे आला आणि डीन फॉक व राल्फ होलोवे या मानवशास्त्रज्ञांमधला त्यावरचा वाद अनेक वर्षं चालला.

म्हणून साच्यावर आधी सूचर, मग रक्तवाहिन्यांचे आणि ट्रान्सव्हर्स सायनसचे (मागच्या भागातल्या मोठ्या आडव्या शिरेचे) ठसे खडूने आखा. त्यानंतर दोन्ही बाजूंनी तिरका उजेड टाकून पाहा. उजेडाची दिशा बदलल्यावर जी रेघ नाहीशी होते ती मोजायची नाही. उरलेल्या रेघेला पायरी ५ चं गुणोत्तर लावा, पण चिंपँझीचं गुणोत्तर जुळतं म्हणून रेघ ल्युनेट ठरते असं उलटं वाचू नका. आधी रेघ ठरते, मग मोजमाप.

पायरी १०: नोंद

प्रत्येक गोलार्धासमोर चारपैकी एकच शेरा लिहा: सलग, तुकड्यांचा, नाही, ठरवता येत नाही. चौथा रकाना ठेवलाच पाहिजे. तो नसला की संशयित खाचा पहिल्या दोन रकान्यांत शिरतात. डावा-उजवा वेगळा नोंदवा, एकाच मेंदूत दोन्ही बाजू सारख्या नसतात.

शेऱ्यासोबत कोणत्या खाचा वगळून तिथे पोहोचलात ते लिहा. मग सहकाऱ्याला तुमचे शेरे न दाखवता तेच गोलार्ध तपासायला द्या. जिथे दोघांचं जुळणार नाही, तिथे वाद घालत बसण्याआधी दोघांनी मिळून ट्रान्सव्हर्स ऑक्सिपिटलची टाचणी पाहा. मतभेदाचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं.